पल्स मोजू, पाऊस मोजू : मायक्रोकंट्रोलर आणि ब्लॉक कोडिंगचा एक पाठ



आजचा पाठ इयत्ता सातवी ते नववीच्या मुलांसाठी आहे. चार तासिका धरा. विषय आहे, मायक्रोकंट्रोलरच्या डिजिटल इनपुटवर येणारे पल्स ब्लॉक कोडिंगने मोजणे. नाव ऐकून जड वाटेल, पण काम एवढंच आहे की एखादा स्विच किती वेळा जुळला, ते बोर्डाने अचूक मोजायचं.

यातला 'अचूक' हा शब्द महत्त्वाचा. बहुतेक ठिकाणी हा पाठ पुश बटणावर शिकवला जातो. बटण दाबलं, आकडा वाढला, मुलं खूश, पाठ संपला. आकडा एकाऐवजी दोनने वाढला तरी कोणाचं काही बिघडत नाही, म्हणून तिकडे कोणी लक्षही देत नाही. म्हणूनच या पाठात आपण बटणाऐवजी पर्जन्यमापक घेणार आहोत. कारण आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पावसाचा आकडा चुकला तर त्याचा अर्थ घरातल्या प्रत्येकाला कळतो. ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका, असं कृषी विभाग दर जूनमध्ये सांगतो. २४ तासांत ६५ मि.मी.पेक्षा जास्त पाऊस पडला की त्या महसूल मंडळात अतिवृष्टी धरली जाते. हे ७५ आणि ६५ कुठून येतात, कोण मोजतं, कसं मोजतं, हे कापूस-सोयाबीनवर घर चालणाऱ्या मुलाला माहीत असायला हवं की नाही?

पल्स म्हणजे काय?

फळ्यावर काही लिहिण्याआधी मुलांना घरच्या वीज मीटरची आठवण करून द्या. मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो. बहुतेक घरगुती मीटरवर एका युनिटला किती लुकलुक, तो आकडा छापलेला असतो. उदाहरणार्थ ३२००. म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट वीज खर्च झाली. यातली प्रत्येक लुकलुक म्हणजे एक पल्स. दिवा नाही, मग आहे, मग परत नाही. बोर्डाच्या भाषेत ०, मग १, मग परत ०.

डिजिटल इनपुटला दोनच गोष्टी कळतात, ० आणि १. पिनवर व्होल्टेज नसलं की ०, असलं की १. पल्स मोजणं म्हणजे 'शून्याचा एक किती वेळा झाला' ते मोजणं. हे वाक्य फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा आणि पाठ संपेपर्यंत पुसू नका.

इथे एक सूचना. मुलांशी बोलताना 'स्विच बंद' हा शब्द वापरू नका. विज्ञानाच्या पुस्तकात परिपथ बंद म्हणजे वीज वाहते, आणि घरी पंखा बंद म्हणजे वीज वाहत नाही. हुशार मूलसुद्धा इथे अडकतं. त्यापेक्षा 'संपर्क जुळला' आणि 'संपर्क सुटला' असं म्हणा. जुळला की १, सुटला की ०.

पाऊस पल्स कसा देतो?

पाऊस मोजण्याची युक्ती आपल्याकडे फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारासमोर पाऊस मोजायचं भांडं ठेवायला सांगितलं आहे. ज्या युक्तीने आज स्वयंचलित हवामान केंद्रं पाऊस मोजतात, तीही साडेतीनशे वर्षांहून जुनी. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात ख्रिस्तोफर रेन याने आपोआप उलटणाऱ्या वाटीचा पर्जन्यमापक तयार केला होता. आपण त्याला साधं 'डोलती वाटी' म्हणू.

तिची रचना सी-सॉसारखी असते. वर नरसाळं. खाली मधोमध पडदा असलेली छोटी पन्हाळ, म्हणजे शेजारी शेजारी दोन वाट्या. एका वेळी एकच वाटी नरसाळ्याखाली असते. ती ठरावीक पाण्याने भरली की वजनाने खाली झुकते, पाणी सांडतं आणि दुसरी वाटी वर येते. ती भरली की पुन्हा उलट. प्रत्येक झुकण्याबरोबर पन्हाळीला चिकटवलेलं चुंबक एका रीड स्विचसमोरून जातं. रीड स्विच म्हणजे काचेच्या बारीक नळीतल्या दोन पात्या. चुंबक जवळ आलं की त्या जुळतात, दूर गेलं की सुटतात. वाटी एकदा झुकली की एक पल्स. झालं, पावसाचा पल्स तयार!

आता गणित. हे गणिताच्या सरांना घ्यायला सांगितलं तर आणखी छान.

हवामान खात्याच्या साध्या पर्जन्यमापकांत एका प्रकाराच्या तोंडाचं क्षेत्रफळ २०० चौ. सें.मी. असतं. आपणही तेच घेऊ. १६ सें.मी. व्यासाचं नरसाळं घेतलं तर ३.१४ × ८ × ८ = सुमारे २०१ चौ. सें.मी. म्हणजे जवळपास तेवढंच. १ मि.मी. पाऊस म्हणजे ०.१ सें.मी. उंचीचं पाणी. २०० × ०.१ = २० घन सें.मी., म्हणजेच २० मि.लि. आपली वाटी ४ मि.लि. पाण्याला झुकत असेल तर एक पल्स = ४ ÷ २० = ०.२ मि.मी. पाऊस.

'मि.मी. पाऊस' म्हणजे नक्की काय, हे आठवी-नववीच्याही बऱ्याच मुलांना सांगता येत नाही. बातम्यांत रोज ऐकतात, पण मिलिमीटर हे लांबीचं माप पाण्याला कसं लागलं, हा प्रश्न मनातच राहतो. तो इथे सुटतो. घाई करू नका.

साहित्य आणि जोडणी

आर्डुइनो उनो बोर्ड, एक रीड स्विच, छोटं चुंबक, १० किलोओहमचा रेझिस्टर, जोडणीच्या वायरी, ब्रेडबोर्ड आणि यूएसबी केबल. अटल टिंकरिंग लॅब असलेल्या शाळेत यातलं बहुतेक सगळं कपाटात असतं. लॅब नसेल तर काहीशे रुपयांत जमतं. डोलती वाटी पातळ प्लॅस्टिक शीट कापून चिकटवा. आसासाठी सायकलच्या स्पोकचा तुकडा उत्तम. दोन्ही बाजूंना वाटी ज्यावर टेकते तिथे एकेक स्क्रू लावा. स्क्रू वर-खाली केला की वाटी किती पाण्याला झुकेल ते बदलता येतं.

जोडणी अशी करा. रीड स्विचचं एक टोक ५ व्होल्टला, दुसरं टोक पिन २ ला. शिवाय पिन २ वरून १० किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडला.

हा रेझिस्टर कशाला, असं मुलं विचारतील. नाही विचारलं तर तुम्ही तो काढून दाखवा. संपर्क सुटलेला असताना पिन कशालाच जोडलेली राहत नाही. मग ती वाऱ्यावर सोडलेल्या पतंगासारखी होते. नुसता हात जवळ नेला तरी कधी ० दाखवते, कधी १. आभाळ कोरडं आणि आपला पर्जन्यमापक पाऊस सांगतोय! रेझिस्टर त्या पिनला हळूच ० वर धरून ठेवतो. संपर्क जुळला की ५ व्होल्ट जोर करतात आणि १ होतो.

ब्लॉक कोडिंगसाठी एमब्लॉक किंवा पिक्टोब्लॉक्स, जे तुमच्या शाळेत असेल ते. प्रोग्रॅम बोर्डावर अपलोड करूनच चालवा. संगणकाला जोडून थेट चालवला तर संगणक बोर्डाला पुनःपुन्हा 'काय चाललंय' विचारत राहतो, आणि दोन विचारण्यांच्या मध्ये आलेला छोटा पल्स निसटू शकतो. आकडा बघायला सिरिअल मॉनिटर किंवा १६ × २ ची एलसीडी लावा.

पहिला प्रयत्न : मुलांनाच करू द्या

ब्लॉक न सांगता मुलांना प्रोग्रॅम करायला लावा. बहुतेक गट हेच बनवतील :

- बोर्ड सुरू झाल्यावर 'पल्स' = ०
- सतत करा : जर पिन २ = १ असेल, तर 'पल्स' १ ने वाढवा

वाचायला अगदी बरोबर वाटतं. आता वाटी एकदा झुकवा. आकडा एकदम शेकड्यांनी उडी मारेल. वर्गात हशा पिकेल. पिकू द्या. मग विचारा, वाटी किती वेळा झुकली? एकदा. मग बोर्डाने खोटं सांगितलं का? नाही. आपण त्याला 'एक असेल तेव्हा वाढव' म्हटलं. चुंबक समोरून जायला सेकंदाचा दहावा भाग लागला असेल, तेवढ्यात बोर्डाने शेकडो वेळा बघितलं, प्रत्येक वेळी १ दिसला, प्रत्येक वेळी वाढवलं.

इथे धान्य मोजणाऱ्या मापाऱ्याचं उदाहरण मुलांना लगेच पटतं. मापारी पायलीने ज्वारी मोजतो. पायली पोत्यात ओतली की तो एक मोजतो. भरलेली पायली हातात किती वेळ धरली, यावर त्याची मोजणी चालत नाही. आपला बोर्ड पायली हातात असेपर्यंत 'एक, दोन, तीन, चार' म्हणत सुटला होता. कोपऱ्यातलं वाक्य पुन्हा वाचायला लावा : शून्याचा एक किती वेळा झाला.

दुसरा प्रयत्न : बदल मोजा

- सतत करा :
- पिन २ = १ होईपर्यंत थांबा
- 'पल्स' १ ने वाढवा
- पिन २ = ० होईपर्यंत थांबा

शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. एकदा मोजलं की संपर्क सुटेपर्यंत गप्प बसायचं. आता वाटी झुकवा. एक. पुन्हा झुकवा. दोन. मुलं टाळ्या वाजवतील. तुम्ही वाजवू नका, म्हणा, "आता पन्नास वेळा झुकवा."

पन्नास वेळा झुकवल्यावर कोणाचे ५३ येतील, कोणाचे ६१, कोणाचे बरोबर ५०. आणि एकच गट पुन्हा करेल तेव्हा वेगळाच आकडा येईल. इथून पाठ खरा रंगतो.

संपर्क उड्या मारतो

स्टीलचं ताट हातातून फरशीवर पडलं की ते एकदा 'ठण्' करून गप्प बसतं का? 'ठण् ठण् ठणठणठण' करत शेवटी शांत होतं. धातूच्या दोन पात्या जुळतात तेव्हा तसंच होतं. जुळतात, उडतात, पुन्हा जुळतात, मग स्थिर होतात. सगळं काही मिलिसेकंदांत उरकतं. आपल्या डोळ्याला एकच जुळणं दिसतं, पण बोर्ड एवढा चपळ की त्याला प्रत्येक उडी दिसते. याला बाउन्स म्हणतात. सुटतानाही तो होऊ शकतो.

उपाय सोपा आहे. बोर्डाला थोडा धीर धरायला सांगायचं :

- सतत करा :
- पिन २ = १ होईपर्यंत थांबा
- 'पल्स' १ ने वाढवा
- ०.०५ सेकंद वाट पहा
- पिन २ = ० होईपर्यंत थांबा
- ०.०५ सेकंद वाट पहा

पहिली वाट जुळतानाच्या उड्यांसाठी, दुसरी सुटतानाच्या.

मुलं लगेच विचारतात, "सर, मग वाट एक सेकंदाचीच ठेवू ना, झंझटच नको!" प्रश्न छान आहे. उत्तर देऊ नका, गणित द्या. वाट उड्यांपेक्षा मोठी हवी, पण दोन खऱ्या पल्समधल्या अंतरापेक्षा लहान हवी. नाहीतर खरा पल्सच हुकेल. मग दोन खऱ्या पल्समध्ये कमीत कमी किती अंतर पडेल?

तासाला १०० मि.मी. पाऊस, म्हणजे हवामान खातं ज्या वेगाला ढगफुटी म्हणतं, तो धरू. १०० ÷ ०.२ = ५०० पल्स एका तासात. ३६०० ÷ ५०० = ७.२ सेकंदांना एक पल्स. म्हणजे पावसासाठी एक सेकंदाची वाटही चालेल.

पण हाच प्रोग्रॅम दुसरीकडे नेला तर? ३२०० पल्सच्या वीज मीटरवर २००० वॅटचा गीझर चालू असेल, तर ०.५६ सेकंदाला एक लुकलुक. एक सेकंदाची वाट ठेवली की जवळपास निम्मी वीज फुकट! छताचा पंखा मिनिटाला ३०० फेरे घेत असेल आणि आपण त्याची तीन पाती मोजत असू, तर सेकंदाला १५ पल्स, म्हणजे ०.०६७ सेकंदाला एक. तिथे आपली ०.०५ अधिक ०.०५ ची वाटसुद्धा जास्त होते. ब्लॉकमधला तो आकडा अंदाजपंचे टाकायचा नसतो, आपण काय मोजतोय त्यावरून काढायचा असतो. हे एवढं मुलांच्या डोक्यात बसलं तरी तासिका सार्थकी लागली.

वाट पाहणारा बोर्ड बहिरा असतो

पुढच्या तासाला मुलं हौसेने भर घालतात. दर दहा मिनिटांनी आकडा दाखव, पाऊस वाढला तर बझर वाजव. त्यासाठी ते '६०० सेकंद वाट पहा' असा ब्लॉक सरळ त्याच साखळीत टाकतात. त्या दहा मिनिटांत कितीही पाऊस पडो, बोर्डाला पत्ताच नाही.

यावर दोन वाटा आहेत. पहिली, 'आधी' आणि 'आत्ता' अशी दोन चलं घ्या. सतत करा : 'आत्ता' = पिन २. जर 'आत्ता' १ आणि 'आधी' ० असेल तर 'पल्स' वाढवा. मग 'आधी' = 'आत्ता', आणि ०.०२ सेकंद वाट पहा. असा प्रोग्रॅम कुठेच अडकून बसत नाही. वेळ बघायची, आकडा दाखवायचा, बझर वाजवायचा तर त्याच फेरीत जमतं. बाउन्सही आपोआप टळतो, कारण दोन बघण्यांच्या मध्ये तो संपलेला असतो.

दुसरी वाट म्हणजे इंटरप्ट. आपण स्वयंपाकघरात काम करत असतो. कोणी आलं का, हे दर मिनिटाला दारात जाऊन बघत नाही. घंटी वाजली की हातातलं काम ठेवून दार उघडतो आणि परत कामाला लागतो. उनोवर पिन २ आणि ३ ला अशी घंटी आहे. म्हणून तर आपण सुरुवातीपासून पिन २ घेतली. तुमच्या ब्लॉक सॉफ्टवेअरमध्ये इंटरप्टचा ब्लॉक नसेल तर पहिली वाट पुरेशी आहे. मायक्रोबिट वापरत असाल तर मेककोडमध्ये पिनवर पल्स आल्यावर काय करायचं, असा तयार ब्लॉकच मिळतो. फक्त मायक्रोबिटला ५ व्होल्ट देऊ नका, त्याच्या स्वतःच्या ३ व्होल्टच्या पट्टीवरूनच जोडा.

आणि एक व्यवहारातली गोष्ट. वीज गेली की चलातला आकडा शून्य होतो. आपल्याकडे पाऊस आणि वीज जाणं बरोबरच येतं! पॉवर बँक लावली तरी काही पॉवर बँका इतक्या कमी करंटला 'काही जोडलेलं नाही' समजून आपोआप बंद पडतात. आधी रात्रभर चालवून बघा. शिवाय आकडा ठरावीक वेळी वहीत लिहायची सवय लावा. हवामान खातं रोज सकाळी साडेआठला पावसाची नोंद घेतं, आपणही तीच वेळ धरू.

आकड्यावर विश्वास कधी ठेवायचा?

माझ्या मते ही तासिका सगळ्यात मोलाची आहे. प्रोग्रॅम चालतो म्हणजे आकडा खरा, असं नाही. तो तपासावा लागतो.

२०० मि.लि. पाणी मोजून घ्या. ते नरसाळ्यात सावकाश सोडा. सलाईनची वापरून धुतलेली नळी मिळाली तर फारच उत्तम, चाकाने वेग कमी-जास्त करता येतो. वीस मिनिटं तरी लागू द्या. ४ मि.लि.ला एक पल्स, म्हणजे ५० पल्स यायला हवेत. एका मुलाने कानाने 'टक्' ऐकून वहीत रेघा ओढायच्या, दुसऱ्याने बोर्डाचा आकडा लिहायचा. तीनदा करा. मग असं बघा :

- तिन्ही वेळा ५० च्या आसपास : यंत्र ठीक आहे.
- बरोबर निम्मे, २५ : वाटी एका बाजूला टेकल्यावर चुंबक रीड स्विचसमोरच राहतं. एका झुकण्याला जुळतं, पुढच्याला सुटतं. चुंबक किंवा स्विच सरकवा.
- रेघा ५०, पण बोर्डावर दर वेळी वेगळा आणि जास्तच आकडा : बाउन्स किंवा सैल वायर.
- रेघा आणि बोर्ड दोन्हीकडे दर वेळी ४६ : प्रोग्रॅम बरोबर, वाटी उशिरा झुकते. २०० ÷ ४६ = ४.३५ मि.लि. स्क्रू फिरवा, किंवा एक पल्स = ०.२२ मि.मी. धरा.

शेवटच्या दोन ओळींतला फरक मुलांना नीट उलगडून सांगा. दर वेळी सारखीच होणारी चूक गुणाकाराने दुरुस्त होते. दर वेळी वेगळी होणारी चूक कोणत्याही सूत्राने दुरुस्त होत नाही, तिचं कारणच शोधावं लागतं.

आता तेच २०० मि.लि. मुद्दाम भराभर ओता. पल्स कमी येतील. कारण वाटी झुकत असतानाच्या क्षणभरात वरून पडणारं पाणी आधीच भरलेल्या वाटीतून सांडून जातं, ते मोजलंच जात नाही. डोलत्या वाटीचा हा जगभर माहीत असलेला दोष आहे, जोराच्या पावसात ती थोडं कमी सांगते. चांगल्या केंद्रांत त्यासाठी दुरुस्ती करतात.

६५ चं गणित

आता सुरुवातीच्या आकड्याकडे येऊ. ६५ ÷ ०.२ = ३२५ पल्स.

समजा प्रत्यक्षात ६० मि.मी. पाऊस पडला. म्हणजे ३०० पल्स. बाउन्समुळे दर दहामागे एक जास्त मोजला गेला, तर ३३०. यंत्र म्हणेल ६६ मि.मी. आता उलट बघा. प्रत्यक्षात ६६ मि.मी. पडला, म्हणजे ३३० पल्स. त्यातले फक्त दहा हुकले. यंत्र म्हणेल ६४ मि.मी. दहा टिचक्यांचा फरक, पण एकीकडे अतिवृष्टी आणि दुसरीकडे नाही.

हे सोडवताना वर्ग शांत होतो, बघा. अतिवृष्टीची नोंद झाली की पंचनामे, ३३ टक्क्यांपेक्षा जास्त नुकसान, मदत, हे सगळे शब्द ही मुलं घरी ऐकत असतात. २२ जुलै २०२३ ला महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुराने वेढलं, तेव्हा हवाई दलाचं हेलिकॉप्टर मागवावं लागलं होतं. असा पाऊस सगळ्यांना दिसतो, त्याला यंत्राची साक्ष लागत नाही. प्रश्न येतो तो ६० ते ७० च्या मधल्या पावसाचा. तिथे डोळ्याला कळत नाही, यंत्राचंच ऐकावं लागतं.

मात्र मुलांना दोन गोष्टी स्पष्ट सांगा. एक, आपल्या शाळेच्या यंत्राचा आकडा सरकारी कामाला चालत नाही. महावेध प्रकल्पात राज्यभर महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं उभी केलेली आहेत, त्यांची देखभाल-तपासणी वेगळी असते. आपल्या घरगुती वाटीवरून कोणाला खोटं ठरवायला निघू नये. दोन, आकडा बरोबर असूनही तो आपल्या शिवाराचा नसू शकतो. एका मंडळात कितीतरी गावं येतात आणि केंद्र एखाद्याच ठिकाणी असतं. बैलाचं एक शिंग भिजतं आणि दुसरं कोरडं राहतं, असं म्हातारी माणसं म्हणतात ते उगाच नाही. केंद्राच्या गावी ७० आणि चार कोसांवर ४०, असंही होऊ शकतं. हा प्रोग्रॅमचा दोष नाही, केंद्र किती आणि कुठे ठेवायची याचा प्रश्न आहे. तो वेगळा प्रश्न आहे, हे कळणंसुद्धा शिक्षणच.

मग शाळेच्या यंत्राचा उपयोग काय? उपयोग हा की 'यंत्राने सांगितलं' म्हटल्यावर हे मूल गप्प बसणार नाही आणि उगाच भांडणारही नाही. ते विचारेल : एक पल्स म्हणजे किती मि.मी.? शेवटची तपासणी कधी झाली? नरसाळ्यात पाला अडकला नव्हता ना? केंद्र झाडाखाली किंवा भिंतीजवळ नाही ना? असे प्रश्न विचारता येणारा शेतकरी आपल्या गावाला हवा आहे.

यंत्र ठेवायचं कुठे?

उघड्यावर, झाडं आणि इमारतींपासून लांब. जवळच्या वस्तूच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर ठेवा. तळ पाणसळीने सपाट करा, कारण यंत्र कललं तर एक वाटी लवकर झुकते आणि दुसरी उशिरा. नरसाळ्यात जाळी बसवा आणि आठवड्याला साफ करा. बोर्ड पाण्यापासून वाचवायला झाकणाचा डबा. शेजारी १६ सें.मी. व्यासाचा सरळ बाजूंचा साधा डबा ठेवून त्यात पट्टीने पाणी मोजत जा. रोज यंत्राचा आणि डब्याचा आकडा शेजारी शेजारी लिहा. दोन्ही फार वेगळे आले की मुलं स्वतःच कारण शोधायला धावतात.

पालकांसाठी

घरी बोर्ड नसला तरी चालेल. रात्री मुलाला मीटरजवळ घेऊन जा. मीटरवरचा पल्सचा आकडा वाचायला लावा. घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त १००० वॅटची इस्त्री लावा आणि एका मिनिटात किती लुकलुक होतात ते मोजा. ३२०० चं मीटर असेल तर ५३ च्या आसपास यायला हवेत. इस्त्री गरम झाली की मध्येच थांबते, तेव्हा लुकलुकही थांबेल, तेही दाखवा. मीटरला हात लावायचा नाही आणि उघडायचं तर मुळीच नाही, फक्त बघायचं. महिन्याचं बिल कुठून येतं, हे मुलाला त्या रात्री कळेल.

पाठाच्या शेवटी विचारायचे प्रश्न

१. नरसाळ्याचा व्यास १० सें.मी. आहे आणि वाटी ४ मि.लि.ला झुकते. एक पल्स म्हणजे किती मि.मी. पाऊस? (उत्तर : सुमारे ०.५ मि.मी.)

२. त्या यंत्रावर पेरणीयोग्य ७५ मि.मी. साठी किती पल्स लागतील? (सुमारे १५०)

३. ०.२ मि.मी.चं यंत्र आणि ०.५ मि.मी.चं यंत्र, रिमझिम पावसात कोणतं चांगलं? का?

४. 'पिन २ = ० होईपर्यंत थांबा' हा ब्लॉक काढला तर काय होईल? करून बघण्याआधी वहीत लिहा.

५. यंत्राने ६४.८ मि.मी. दाखवलं. तुम्ही आधी काय तपासाल? पायऱ्या लिहा.

पाचव्या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर नाही. माझा आग्रह एवढाच, की गुण आकड्याला देऊ नका, तपासणीच्या पायऱ्यांना द्या. एखाद्या मुलाने 'मी २०० मि.लि. पाणी ओतून बघेन' असं लिहिलं, तर समजा की त्याला हा पाठ कळला.

हा पाठ मे महिन्याच्या सुट्टीत घेतला तर मृगाच्या पावसाला यंत्र तयार असतं. करून बघा. तुमच्या शाळेत २०० मि.लि.ला किती पल्स आले, आणि ते ५० नसतील तर मुलांनी कारण काय शोधलं, ते नक्की कळवा.